वाकलेलं लाकूड सरळ करताना

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

 

मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, नोंदवह्या यांबद्दल बोलते. आज विषय वेगळा आहे. वाकलेलं लाकूड सरळ कसं करायचं, कुठल्या अवजारानं करायचं आणि कुठलं लाकूड सरळ करायच्या फंदात पडूच नये, हे आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, हा तर सुताराचा विषय! खरं आहे. पण आपल्या कोकणात किती गटांनी काजूसाठी शेड बांधली, माळे घातले, शेळ्यांचे गोठे उभे केले, ते आठवून बघा. त्या कामाचं लाकूड कोण विकत घेतं? गट घेतो. पैसे आपले, कर्जाचा हप्ता आपला. मग लाकूड वाकून फुकट गेलं तर नुकसानही आपलंच की नाही?

आमच्याच भागातल्या एका गटाची गोष्ट घ्या. काजूच्या गोणी ठेवायला त्यांना शेडमध्ये माळा घालायचा होता. एका काकींच्या परड्यातला जुना आंबा रीतसर परवानगी काढून तोडला आणि सॉ मिलवर कापून घेतला. एक इंच जाड, आठ इंच रुंद, दहा फूट लांब अशा ४० फळ्या निघाल्या. त्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या. शिमगा आला तोपर्यंत १४ फळ्या वाकल्या होत्या. सुतारदादा म्हणाले, "ह्या बाजूला काढा, नवीन आणा." नवीन आणायच्या म्हणजे पुन्हा पैसे, आणि काजूचा हंगाम तर सुरू झालेला. बायका विचारात पडल्या.

आधी एक समजून घेऊ. लाकूड वाकतं कशामुळे? ओलं लाकूड सुकताना आकसतं, आणि ते सगळीकडून सारखं आकसत नाही. ओंडका आडवा कापला की त्यात गोल कडी दिसतात ना, त्या कड्यांच्या दिशेनं लाकूड जास्त आकसतं. गाभ्यापासून सालीच्या दिशेनं त्याच्या साधारण निम्मंच आकसतं. लांबीत जवळजवळ आकसतच नाही. एकाच फळीची एक बाजू जास्त ओढली जाते, दुसरी कमी, आणि फळी वाकते. त्यातून ती भिंतीला टेकवून ठेवली, एका बाजूला ऊन आणि एका बाजूला सावली, तर आणखीच वाकते.

वाकण्याचे चार प्रकार आहेत. ते ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिला प्रकार कमान. फळी सपाट ठेवली की मधेच उचललेली दिसते, धनुष्यासारखी. दुसरा प्रकार बगलेचा वाक. फळी जमिनीला नीट टेकते, पण तिची कड विळ्यासारखी वळलेली असते. तिसरा प्रकार पन्हळ. रुंदीत मधे खोलगट आणि दोन्ही कडा वर. चौथा प्रकार पीळ. तीन कोपरे जमिनीला टेकतात आणि चौथा हवेत राहतो.

हे बघायला फार काही लागत नाही. कडेच्या दोन टोकांना सूत ताणून धरा, मधे किती फट पडते ते कळतं. पीळ बघायचा असेल तर फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि एका टोकाला बसून एक डोळा मिटून पाहा. दोन्ही पट्ट्या एका रेषेत दिसल्या तर पीळ नाही. एक पट्टी तिरकी दिसली तर पीळ आहे.

आता जोराचा हिशेब. फळीची जाडी दुप्पट झाली की तिला तेवढंच वाकवायला आठपट जोर लागतो. म्हणून एक इंची फळी ऐकते आणि दोन इंची ऐकत नाही. आठ इंच रुंद, एक इंच जाड फळी सपाट बाजूनं वाकवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या ६४ पट जोर ती कडेच्या बाजूनं वाकवायला लागतो. म्हणजे कमान सोपी आणि बगलेचा वाक अवघड. पण तीच फळी उभी चिरून चार इंचाच्या दोन पट्ट्या केल्या, तर एकेका पट्टीला आधीच्या फक्त आठवा हिस्सा जोर पुरतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता अवजारं. नवीन काही विकत आणायचं नाही, घरात असतं तेच.

पहिलं अवजार पहार. माळ्याच्या तुळया खाली आहेत, त्यावर आपण एकेक फळी ठोकत चाललोय. नवी फळी एका टोकाला आधीच्या फळीला नीट बसते, पण बगलेच्या वाकामुळे पुढे फट पडते. जिथं नीट बसते तिथून खिळे मारायला सुरुवात करायची. फट असेल तिथल्या तुळईवर, फळीच्या बाहेरच्या कडेला लागून, पहारेचं टोक थोडं रुतवायचं. फळीला खोक पडू नये म्हणून मधे लाकडाचा तुकडा धरायचा आणि पहारेचं वरचं टोक फळीच्या बाजूला ओढायचं. पहार चार फुटी, म्हणजे ४८ इंच. टोकापासून दोन इंचावर ती फळीला टेकते. ४८ भागिले २ म्हणजे २४. तुम्ही २० किलोचा जोर लावलात तर फळीवर ४८० किलोपर्यंत जातो. थोडा घसरण्यात वाया जातो, तरी उरतो तो पुष्कळ. हा जोर दंडातला नाही, पहारेच्या लांबीतला आहे. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या बाईला २० किलोचं काय?

दुसरं अवजार पाचर. पहार धरायला एक माणूस अडकून राहतं, पाचर स्वतःच अडून राहते. फळीच्या कडेपासून दोन-तीन बोटं सोडून तुळईवर लाकडाचा एक ठोकळा दोन खिळ्यांनी ठोकायचा. नंतर काढता यावेत म्हणून खिळ्यांची डोकी थोडी वर ठेवायची. ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये दोन सारख्या पाचरी समोरासमोरून घालायच्या आणि आळीपाळीनं हातोड्यानं ठोकायच्या. पाचर आठ इंच लांब आणि जाड टोकाला एक इंच असेल, तर ती एक इंच पुढे गेली की फळी इंचाचा आठवा हिस्सा सरकते. हळूहळू, धक्का न बसता. फट मिटली की खिळा मारा.

तिसरं अवजार दोरी आणि दांडका. बैलगाडीवर गवताचा भारा आवळताना दोरीत दांडका घालून पीळ देतात, तसंच. फळीचं टोक आणि समोरचा मजबूत खांब यांना दोरीचा दुहेरी वेढा द्यायचा, मधे दांडका घालून फिरवायचा. पीळ बसला की दांडका दुसऱ्या दोरीनं बांधून टाकायचा. नुसता सोडला तर गरकन उलटा फिरतो आणि हातावर बसतो.

चौथं अवजार खाचेचा दांडका. हे पिळासाठी. तीन फूट लांबीचं कठीण लाकूड घ्यायचं आणि त्याच्या एका टोकाला फळीच्या जाडीएवढी खाच पाडायची. ती खाच फळीच्या टोकावर बसवून दांडका खाली दाबला की फळीचा पीळ उलटा फिरतो. एकीनं दाबून धरायचं, दुसरीनं खिळे मारायचे. सुतारदादांकडे शिकंजा असेल तर फळी आणि तुळई त्यात आवळून घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

कमानीला तर अवजारही लागत नाही. फुगीर बाजू वर ठेवून एक जण मधोमध उभी राहते आणि दुसरी एका टोकाकडून खिळे मारत येते.

पन्हळ पडलेली फळी ओढून सपाट करायला गेलं तर मधे तडकते. तिला पाणी आणि ऊन यांचा उपाय. ओल्या गवतावर खोलगट बाजू खाली करून पसरायची, म्हणजे ती बाजू ओल घेऊन फुगते. वरची बाजू उन्हानं आकसते. मधूनमधून बघत राहायचं, सपाट झाली की लगेच ठोकायची. नाहीतर पुन्हा पूर्वीसारखी होते.

आता खिळ्यांबद्दल. वाकलेली फळी सरळ धरून ठेवतो तो खिळाच. एक इंची फळीला अडीच ते तीन इंची खिळा हवा आणि प्रत्येक तुळईवर दोन हवेत. स्क्रू असतील तर आणखी चांगलं. टोकाशी लाकूड चिरतं, म्हणून आधी बारीक भोक पाडून घ्या. उन्हाळ्यात माळा घालत असाल तर दोन फळ्यांमध्ये खिळ्याच्या जाडीइतकी फट ठेवा. पावसात फळ्या फुगतात, फट नसेल तर उचकटतात.

मैत्रिणींनो, आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठलं लाकूड ओढायचं नाही?

वाकाच्या मधोमध मोठी गाठ असेल तर ओढू नका, तिथंच मोडेल. जोर लावताना 'टिक' असा आवाज आला तर तिथंच थांबा. जाड तुळया आणि वासे तर ओढून सरळ करायचेच नाहीत. तुळई उभ्या अंगानं थोडी कमानदार असेल तर तिची पाठ वर करून बसवा, वजन पडलं की ती आपोआप खाली येते. पाठ खाली केलीत तर माळा पहिल्या दिवसापासून झोळीसारखा दिसेल. पिळलेली तुळई मात्र परत करा. जिच्यावर गोण्यांचं वजन यायचं आहे, तिच्याशी तडजोड नको.

आणि ओलं लाकूड ओढू नका. ते लवकर वाकतं, म्हणून बरं वाटतं, पण सुकलं की पुन्हा हवं तसं फिरतं. लाकूड सुकलं की नाही हे कसं ओळखायचं? एक तुकडा घ्या आणि दर आठवड्याला काजूच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की सुकलं.

काम करताना जपा. ताणलेली फळी म्हणजे ताणलेलं धनुष्य. पहारेच्या समोर कुणी उभं राहू नका, बाजूला राहा. खिळे पूर्ण बसेपर्यंत पहार सोडू नका. पदर खोचून घ्या, मुलांना लांब ठेवा. पहार ओढणारी आणि खिळा मारणारी यांच्यातली एकच बोलणार, "सोडू का?" आणि "सोड." तिसऱ्या कुणी मधे बोलायचं नाही.

त्या गटानं काय केलं ते सांगते. १४ फळ्या अंगणात मांडल्या आणि एकेक तपासली. नऊ फळ्या पहार आणि पाचर लावून बसल्या. तीन फळ्यांना बगलेचा वाक जास्त होता, त्या सुतारदादांनी चिरून चार-चार इंची केल्या, मग त्याही बसल्या. दोन फार पिळलेल्या होत्या. त्यांचे आखूड तुकडे करून जिन्याच्या पायऱ्या आणि फडताळ केलं. नवीन फळी एकही आणावी लागली नाही. सुतारदादा आधी गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाचरी तासून दिल्या आणि म्हणाले, "दोघी जणी उद्याही या."

मग गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला. ह्या बायकांचे कामाचे दिवस नोंदवहीत कसे लिहायचे? आतापर्यंत बांधकामावर बाई म्हणजे घमेलं उचलणारी, बिगारी, आणि तिची मजुरी बिगाऱ्याची. पण पहार कुठं रुतवायची, कुठली फळी ओढायची आणि कुठली सोडायची हे ज्या ठरवत होत्या, त्यांचं काम बिगाऱ्याचं कसं? बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांचे दिवस कारागिराच्या दरानं लिहिले गेले. काही जणींना ते पटलं नाही, घरची माणसं काय म्हणतील अशी धास्ती होती. पण ठराव झाला आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुमच्या गटात बांधकाम निघालं तर काम सुरू होण्याआधीच हे बोलून घ्या. नंतर बोललं की वाईटपणा येतो.

आणि लाकूड आणलं की भिंतीला टेकवू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी, जमिनीपासून फूटभर वर रचा. दोन थरांच्या मधे दर दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर येऊ द्या. सगळ्यात वर दगड ठेवा. फळ्यांच्या टोकांना जुना रंग फासा, म्हणजे टोकं तडकत नाहीत. एवढं केलंत तर पहारेचं काम निम्म्यानं कमी होईल.

येत्या बैठकीला घरातली पहार आणि एखादी वाकडी फळी घेऊन या. एकमेकींना करून दाखवा. काही अडलं तर मला गटाच्या बैठकीत विचारा, मी येतेच आहे.

नमस्कार.