गुलामाने मायबोली लिहिली



आजच्या नायजेरियातील योरुबा मुलखात १८२१ साली एका गावावर धाड पडली. अजयी नावाचा पोर गुलाम म्हणून विकला गेला. १८२२ साली इंग्रजी आरमाराने जहाज अडवून त्यास सोडविले. सिएरा लिओनात तो शिकला व ख्रिस्ती होऊन सॅम्युएल क्राउथर झाला.

१८४३ साली त्याने योरुबा शब्दसंग्रह छापला. त्या भाषेत सूर चढला-उतरला की अर्थच पालटतो; नुसती अक्षरे जुळवून भागत नाही. १८४६ साली पंचवीस वर्षांनी त्याला आई भेटली. अशा आयांना इंग्रजी कोठून कळणार? म्हणून त्याने सोबत्यांसह बायबल योरुबात आणले. १८६४ साली तो बिशप झाला.

आम्हां शिक्षकांना वाटते, आईला न कळणारी विद्या घरच्या उंबऱ्याबाहेरच राहते.