दसऱ्याच्या बाहुल्या रंगवताना
(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)

गणपती गेले, पितृपक्ष सरला की म्हैसुरात घरोघरी बाहुल्यांची मांडणी सुरू होते. राजा-राणीची लाकडी जोडी, म्हणजे 'पट्टद गोंबे', इथे लग्नात मुलीला द्यायची रीत. ती आपल्याही काही घरांत रुळली आहे. जोडीचा रंग उडाला की आपण ऑइलपेंट फासून मोकळ्या होतो. कृपया तसे करू नका. खालचे जुने काम कायमचे झाकले जाते.

आधी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग मागच्या बाजूला ओला कापूस टेकवून पाहा. रंग कापसाला लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर उडालेली जागा तेवढी पोस्टर कलरने भरा. टिकलेल्या रंगाला हात लावू नका.

चन्नपट्टणच्या खेळण्यांना स्पिरिट मुळीच नको. लेथवर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. तीच लाख स्पिरिटात विरघळते.

नवी जोडी जरूर शोधा, हौसेने रंगवा. डोळे मात्र सर्वांत शेवटी. पण आजीच्या राणीचे डोळे आजीने पाहिले तसेच लेकीच्या हाती जाऊ द्या.