मांडव्याच्या वाटेवर बोलणें कां तुटतें

दोन वर्षांपूर्वीं माझ्या वडील बंधूंवर मुंबईच्या एका रुग्णालयांत शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मी अलिबागेहून निघून मांडव्यास बोटींत बसलों. बोट भर समुद्रांत असतां पुतण्याचा फोन आला. "काका, डॉक्टर आतांच बाहेर आले. ते म्हणतात कीं—" आणि पुढें सारें निःशब्द! फोन कानापासून दूर करून पाहतों तों थोड्याच वेळांत त्यावर संपर्काच्या सर्व रेघा ताठ उभ्या राहिल्या. इतका सशक्त मनोरा समोर असतां माझें बोलणें तुटलें कां? या प्रश्नानें मला पुढें स्वस्थ बसूं दिलें नाहीं. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. परंतु माझा एक जुना विद्यार्थी याच विषयांतील अभियंता आहे. या खेपेस तो मास्तर झाला व मी विद्यार्थी.

मोबाइलचा एक मनोरा सबंध जिल्हा सांभाळीत नाहीं. मुलूख लहान लहान खणांत वांटलेला असतो व प्रत्येक खणाला आपला मनोरा. बेल प्रयोगशाळेंतील डी. एच. रिंग यांनीं १९४७ सालीं ही कल्पना मांडली. लहरींची संपत्ति मर्यादित; खण लहान ठेवले म्हणजे त्याच लहरी दूरच्या खणांत पुन्हां वापरतां येतात. पण या काटकसरीची किंमत अशी कीं, प्रवासी एका खणांतून दुसऱ्यांत सारखा जात राहतो. त्याचें बोलणें न तोडतां एका मनोऱ्यानें दुसऱ्याच्या हवालीं करावयाचें! अमेरिकेंत एमॉस जोएल यांस या योजनेचें पेटंट १९७२ सालीं मिळालें.

आम्ही मास्तर लोक याला चार्ज देणें म्हणूं. तासाची घंटा झाली, पहिले मास्तर निघून गेले आणि दुसरे अद्याप आले नाहींत, म्हणजे वर्गांत काय गोंधळ माजतो हें आपणां सर्वांस स्मरत असेल. मनोऱ्यांची रीत अधिक शिस्तीची आहे. जुन्या जीएसएम पद्धतींत बोलणें चालू असतां फोन दर अर्ध्या सेकंदाच्या आंत आपल्या मनोऱ्याकडे अहवाल धाडतो: तुमचा आवाज इतका, शेजारच्यांपैकीं सर्वांत बलवान अशा सहांचा इतका. मग जुन्याच्या बाजूनें नव्याकडे विचारणा होते, जागा आहे काय? नव्यानें जागा राखून ठेवली, म्हणजेच फोनला हुकूम सुटतो. या पद्धतींत जुना धागा सोडूनच नवा धरावा लागतो. पण हें काम इतक्या अल्प काळांत उरकतें कीं कानाला पत्ताही लागत नाहीं. तिसऱ्या पिढीच्या फोनला दोन्ही धागे कांहीं काळ एकदम धरतां येत. चौथ्या पिढींत पुन्हां एकच धागा आला. मात्र वाटेंत राहिलेला मजकूर जुना मनोरा नव्याकडे पोंचता करतो.

मला वाटे, नवा मनोरा अधिक बलवान दिसतांच बदल करावा, त्यांत अवघड तें काय? विद्यार्थी हंसला. सीमेवर दोन्ही मनोऱ्यांचे आवाज क्षणोक्षणीं चढत-उतरत असतात. दर वेळीं बदल केला तर फोनचा चेंडू होईल. म्हणून नव्याचा आवाज ठरलेल्या फरकानें आणि ठरलेला वेळ वरचढ राहिला पाहिजे. पण धीर फार धरूनही चालत नाहीं. कार्लेखिंडीसारख्या जागीं एस.टी. वळतांच डोंगर आड येतो, जुना मनोरा एकाएकीं नाहींसा होतो, आणि हुकूम यावयाचा तो ज्याच्याकडून यावयाचा तोच मुका झालेला असतो. किती थांबावें, हा हिशेब प्रत्येक जागेसाठीं निराळा बसवावा लागतो. तेंच या अभियंत्यांचें खरें काम.

आतां माझ्या बोटीकडे वळूं. समुद्रावर आडवें कांहींच नसल्यामुळें मांडव्याकडचा मनोरा दूरवर ऐकूं येतो व फोन त्यालाच धरून राहतो. शिवाय दूरसंचाराच्या परवान्यांपुरतें मुंबई हें एक स्वतंत्र क्षेत्र. अलिबाग दुसऱ्यांत, म्हणजे महाराष्ट्र व गोव्याच्या क्षेत्रांत. बोलणें चालू असतां फोन मुख्यतः आपल्या मनोऱ्यानें दिलेल्या शेजाऱ्यांच्या यादीवरूनच इतरांकडे कान देतो. पलीकडच्या क्षेत्राचे मनोरे त्या यादींत नसतील, किंवा दोन क्षेत्रांत चार्ज देण्याची व्यवस्थाच केलेली नसेल, तर समोरचा मनोरा कितीही बलवान असो, बोलणें त्याच्या हवालीं होत नाहीं. जुना धागा झिजत झिजत तुटतो. बोलणें संपल्यावर फोन मोकळा होतो, स्वतः शोध घेतो, आणि मग त्या रेघा ताठ उभ्या राहतात! माझ्या बाबतींत बहुधा हेंच घडलें, असें त्याचें मत पडलें.

२०१५ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें तुटलेल्या दर कॉलमागें १ रुपया, दिवसांतून तीनदां, ग्राहकास भरपाई द्यावी असा नियम केला होता. मे २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. तो टिकता तरी त्या दिवशीं मला रुपया घेऊन काय करावयाचें होतें?

पुन्हां फोन लागावयास दहा मिनिटें गेलीं. पुतण्याही इकडे लावीत होता, मीही तिकडे लावीत होतों. दोघांसही दुसरा बोलण्यांत गुंतलेला! अखेर त्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले होते कीं, सर्व ठीक पार पडलें. अण्णा आज पंच्याहत्तरीचे आहेत व रोज सकाळीं फिरावयास जातात. बोटींत असलों म्हणजे घरच्या मंडळींनीं मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यांत सांगावी, डॉक्टर कोठून बाहेर आले तें मागाहून, असें मीं सर्वांस बजावून ठेवलें आहे.