राखणदार बुडाला तर वस्तू कोणाची?



आपल्या अधिवेशनाच्या प्रघाताप्रमाणे अध्यक्षाने वर्षभरात बदललेल्या कायद्यांचा आणि निकालांचा आढावा घ्यायचा असतो. तो स्मरणिकेत छापलेला आहे आणि तुम्ही सगळे वाचणारे लोक आहात. म्हणून मिळालेला वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. हा विषय बरीच वर्षं माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे आणि आपल्या अधिवेशनांच्या ठरावांत तो अजून एकदाही आलेला नाही.

क्रिप्टो एक्स्चेंजवर ग्राहकांचे पैसे गोठले की आपल्याकडे तेच वाद नव्याने सुरू होतात. बिटकॉइनला मूळ किंमत आहे की नाही, हे चलन आहे की सट्टा, बंदी घालावी की मोकळीक द्यावी. काल दुपारच्या परिसंवादातही दोन्ही बाजूंचे विद्वान याच मुद्द्यांवर हिरिरीने बोलले. दोन्ही बाजूंबद्दल आदर ठेवून सांगतो, की ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला या वादातून दमडीचाही उपयोग नाही. त्याचा प्रश्न फार जुना आणि फार साधा आहे. मी एक वस्तू तुमच्याकडे सांभाळायला दिली. उद्या तुमच्याकडे चोरी झाली, तुमचं दिवाळं निघालं किंवा तुमच्या भागीदारांत भांडण लागलं, तर ती वस्तू माझी राहते की तुमच्या धनकोंच्या रांगेत मी शेवटी उभं राहायचं? सोनाराकडे घडवायला दिलेल्या सोन्याबाबत आपला करार कायदा दीडशे वर्षांपासून स्पष्ट आहे: सोनार बुडाला तरी सोनं गिऱ्हाइकाचं. क्रिप्टो एक्स्चेंजच्या बाबतीत हे उत्तर आपल्या एकाही कायद्यात लिहिलेलं नाही, आणि माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

वझीरएक्सचं प्रकरण घेऊ. 18 जुलै 2024 रोजी या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास 2,000 कोटी रुपयांची टोकन चोरीला गेली. व्यवहार मंजूर करायला एकाहून अधिक सह्या लागाव्यात अशी त्या वॉलेटची रचना होती, आणि कस्टडीचं काम लिमिनल या दुसऱ्या कंपनीकडे होतं. पुढे जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं. चोर कोण हे महत्त्वाचं आहेच, पण चोरीनंतर जे घडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं. चोरीला गेलेली टोकन इथिरियमच्या ब्लॉकचेन साखळीवरची होती. ज्यांची नाणी वेगळ्या साखळीवर सुरक्षित पडून होती, त्यांचीही खाती त्याच दिवशी गोठली. काही दिवसांतच नुकसान सर्वांमध्ये वाटून घेण्याचा प्रस्ताव आला: 55 टक्के मालमत्ता वापरता येईल, 45 टक्के अडकून राहील. लोकांच्या संतापामुळे तो मागे पडला, पण वाटणीचं तत्त्व काही गेलं नाही. पुढे ते सिंगापूरच्या न्यायालयात योजनेच्या रूपाने गेलं, कारण ग्राहकांच्या मालमत्तेबाबतचं दायित्व झेटाई या सिंगापुरी कंपनीकडे असल्याची भूमिका घेतली गेली. भारतातलं कामकाज झानमाई लॅब्ज या दुसऱ्या कंपनीकडे होतं. वझीरएक्सची मालकी बायनान्स या दुसऱ्या एक्स्चेंजकडे गेली होती की नव्हती, यावर 2022 पासून दोन्ही बाजूंचा उघड वाद चालू होताच. सांगली-सोलापूरच्या ग्राहकाने दाद मागायची ती कोणत्या दारात? एप्रिल 2025 मध्ये 54 ग्राहकांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा हा विषय धोरण ठरवणाऱ्यांचा आहे असं सांगून ती फेटाळण्यात आली. सिंगापूरची योजना ऑक्टोबर 2025 मध्ये मंजूर झाली आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले. सव्वा वर्षानंतर.

आता कोणी म्हणेल, संकटात व्यवहार थांबवणं हा शहाणपणाच आहे. दार उघडं ठेवलं तर आधी धावणारे सगळं घेऊन जातात आणि मागे राहिलेले बुडतात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण थांबवण्याचा निर्णय कोणाचा, हेही विचारायला हवं. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांवर सुरुवातीला अवघे 1,000 रुपये काढण्याची मर्यादा आली, तेव्हा या राज्यातल्या असंख्य घरांत हाहाकार उडाला. त्या निर्णयावर कितीही टीका करा, तो रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली घेतला होता. त्याला मुदत होती, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येत होतं, आणि त्या अनुभवानंतर 2021 मध्ये संसदेने कायदा बदलून 5 लाखांपर्यंतची विमा रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद केली. एक्स्चेंजच्या बाबतीत कुलूप लावणारा, किल्ली ठेवणारा आणि कुलूप कधी उघडायचं ते ठरवणारा एकच असतो, आणि तोच ग्राहकाचा ऋणको असतो. शिवाय चोरी झाली की दार बंद करावंच लागतं, हेही अनुभवाला धरून नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे 150 कोटी डॉलर गेले, वझीरएक्सच्या सहापटीहून जास्त. तरी त्यांनी पैसे काढू देणं थांबवलं नाही. तातडीची कर्जं उभारून तूट भरून काढली. जुलै 2025 मध्ये कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे 4.4 कोटी डॉलर गेले, तेव्हा ती रक्कम कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्यातली होती, ग्राहकांची मालमत्ता वेगळी आहे आणि नुकसान कंपनी सोसेल, असं तिने जाहीर केलं. हे वेगळेपण बाहेरच्या कोणी तपासून प्रमाणित केलेलं असतं, तर ते कंपनीच्या भलेपणावर अवलंबून राहिलं नसतं.

आता मालकीच्या गाभ्याकडे येतो. अमेरिकेत सेल्सियस या कंपनीने 12 जून 2022 रोजी पैसे काढणं बंद केलं आणि महिन्याभरात ती दिवाळखोरीत गेली. व्याज देणाऱ्या तिच्या खात्यांत सुमारे सहा लाख ग्राहकांची 420 कोटी डॉलरची मालमत्ता होती. 4 जानेवारी 2023 रोजी न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी निकाल दिला की ही मालमत्ता कंपनीची आहे. कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींमध्ये मालकी कंपनीकडे जाते असं लिहिलेलं होतं. ‘मला मान्य आहे’ या चौकटीत खूण केली आणि लोक एका क्षणात मालक न राहता कंपनीचे विनातारण धनको झाले. याच्या उलट बाजूला न्यूझीलंड आहे. क्रिप्टोपिया हे एक्स्चेंज चोरीनंतर अवसायनात गेलं, तेव्हा 2020 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की नाणी ही मालमत्ता आहे आणि कंपनीने ती ग्राहकांची विश्वस्त म्हणून धारण केली होती; कंपनीच्या इतर धनकोंना तिला हात लावता येणार नाही. आपल्याकडे ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या अर्जावर हाच विचार मांडला: क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून धारण करता येते, आणि जी नाणी चोरीला गेलीच नाहीत त्यांच्या मालकाला संरक्षण मिळायला हवं. मला हा निकाल अतिशय मोलाचा वाटतो. पण ते लवाद कायद्याखालचं अंतरिम संरक्षण आहे, एका व्यक्तीपुरतं. लाखो लोकांनी एकेक करून उच्च न्यायालयात जायचं का?

‘शेवटी पैसे मिळतातच की’ हे सांत्वनही तपासून घ्यायला हवं. एफटीएक्स हे एक्स्चेंज 11 नोव्हेंबर 2022 रोजी दिवाळखोरीत गेलं. ग्राहकांचे दावे त्या दिवसाच्या भावाने ठरले; बिटकॉइन तेव्हा सतरा हजार डॉलरच्या आत होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये योजना मंजूर झाली तेव्हा दाव्याच्या शंभर टक्क्यांहून अधिक रक्कम परत मिळणार, अशा बातम्या झळकल्या. पण तोवर बिटकॉइन साठ हजारांच्या वर गेलं होतं. ज्याचं एक नाणं होतं त्याला जेमतेम एक तृतीयांश नाण्याची किंमत मिळणार होती आणि जग म्हणालं, पूर्ण परतफेड झाली. टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी 2014 मध्ये बंद पडलं. तिथे ग्राहकांनी झगडून प्रकरण दिवाळखोरीतून पुनर्वसन प्रक्रियेकडे वळवलं म्हणून नाण्यांच्या रूपात वाटप शक्य झालं, आणि तेही जुलै 2024 मध्ये सुरू झालं. दहा वर्षांत माणसांची लग्नं, आजारपणं, म्हातारपणं सरून जातात. गोठवण्याची किंमत ही अशी असते. कुठल्याही ताळेबंदात ती दिसत नाही.

यावर आपल्याच वर्तुळातला सगळ्यात निष्ठुर आक्षेप असा, की हा जुगार होता आणि जुगाऱ्याला सरकारने का वाचवावं? मी वाचवा म्हणत नाही. भाव पडून बुडाला त्याचं नुकसान त्याने सोसावं. पण सरकारने या जुगाऱ्याशी कसा व्यवहार केला ते पाहा. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर. एका टोकनातला तोटा दुसऱ्या टोकनातल्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै 2022 पासून हस्तांतरावर 1 टक्का टीडीएस. मार्च 2023 पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू: वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी, केवायसी, संशयास्पद व्यवहारांचा अहवाल. हे सगळं योग्यच आहे. पण त्या संपूर्ण चौकटीत ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवा, असं सांगणारं एक कलमही नाही. शासनाला हवं ते सगळं मागण्याइतपत हा धंदा अधिकृत ठरतो आणि ग्राहकाला द्यायची वेळ आली की अनधिकृत होतो. ही भूमिका मला अन्यायाची वाटते, आणि या व्यासपीठावरून ते स्पष्ट शब्दांत सांगणं मी माझं कर्तव्य समजतो.

नियमन केलं तर लोकांना ती सरकारी हमी वाटेल, असं रिझर्व्ह बँकेच्या विचाराला मानणारे मित्र म्हणतात. शेअर बाजाराकडे बघा. कार्वी या दलाल कंपनीने ग्राहकांचे समभाग तारण ठेवून कर्ज उचललं होतं. 22 नोव्हेंबर 2019 रोजी सेबीचा आदेश निघाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच 80 हजारांहून अधिक ग्राहकांचे समभाग त्यांच्या खात्यांत परत आले. कर्ज देणाऱ्या बँका न्यायाधिकरणात गेल्या, त्यांचा वाद लांबला. पण नियामकाने आधीच हस्तक्षेप केल्यामुळे सामान्य ग्राहक त्या भांडणाच्या बाहेर राहिला. म्हणून कोणी असं समजत नाही की समभागांच्या भावाची हमी सेबीने घेतली आहे. जपानने तर हे क्रिप्टोतच करून दाखवलं. माउंट गॉक्सनंतर तिथे कायदा झाला, पुढे तो कडक होऊन ग्राहकांची जवळजवळ सगळी नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये वेगळी ठेवणं सक्तीचं झालं. त्यामुळे एफटीएक्स कोसळल्यावर त्याच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना फेब्रुवारी 2023 मध्येच पैसे काढता येऊ लागले. इतर देशांतल्या बहुतेक ग्राहकांना पहिला हप्ता मिळायला 2025 उजाडलं.

किल्ल्या स्वतःकडे ठेवा, एक्स्चेंजवर विसंबू नका, असं तंत्रज्ञ मंडळी सांगतात. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. पण घरात रोकड ठेवता येते म्हणून बँकांना कायदा नको, असं आपण कधी म्हटलं नाही. आणि एक्स्चेंज अधूनमधून प्रसिद्ध करतात ते राखीव साठ्याचे पुरावे एका क्षणी काय हातात आहे ते दाखवतात. देणं किती आणि कोणाचं, ते दाखवतीलच असं नाही.

तेव्हा या अधिवेशनाने ठराव करावा अशी माझी विनंती आहे: ग्राहकाची मालमत्ता कायद्यानेच वेगळी आणि विश्वस्त स्वरूपाची मानावी, खाती गोठवण्याचा अधिकार कंपनीकडे न राहता नियामकाकडे, मुदतीसह असावा, आणि परतफेड शक्य तिथे नाण्यांतच व्हावी. मसुद्यासाठी वकील आणि लेखापाल यांची एक छोटी समिती नेमावी. एक्स्चेंजच्या अटींमध्ये मालकीबद्दल काय लिहिलेलं असतं, ते मराठीत समजावणारी पुस्तिकाही काढता येईल. तिचं स्वरूप समितीने ठरवावं, खर्चाचं आपण बसून बघू. संध्याकाळच्या खुल्या सत्रात हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे बोलावं, आणि मतदान हात वर करून घ्यावं.