नगरजीवन आणि पाच समिती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेले व्याख्यान)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव या व्यासपीठावरून अनेक वक्त्यांनी केला आहे. आजचा विषय त्याहून साधा आहे. पुण्यासारख्या शहरात संसार, व्यवसाय आणि धर्माराधना सांभाळणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला येणारा रोजचा त्रास आणि रोजचा आनंद, हा तो विषय होय.

दोन पुणेकर रस्त्यात भेटले, की कुशल विचारून होताच गाऱ्हाण्यांना प्रारंभ होतो. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पाहता पाहता दुचाकी वाहनांचे शहर झाले. पेठांमधील वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. गल्लीची रुंदी मात्र टांग्याच्या काळातील तेवढीच राहिली. रविवार पेठेत कापडाचे गठ्ठे उतरविणारा टेम्पो थांबला, की मागे वाहनांची रांग लागते आणि रांगेतील प्रत्येक जण भोंगा वाजवितो. भोंगा वाजविल्याने टेम्पो रिकामा होत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. तरीही तो वाजतो.

परंतु याच त्रस्त गृहस्थाला त्याच्या मुलाने उपनगरातील प्रशस्त घरी राहावयास नेले, तर आठ दिवसांत त्याला पेठेची आठवण होऊ लागते. पहाटे मंदिरातून येणारा घंटानाद, स्थानकातील व्याख्यानाला जाताना वाटेत भेटणारी चार ओळखीची माणसे, महात्मा फुले मंडईतील ताज्या भाजीचे ढीग, दुकानाचे कुलूप उघडताना शेजारच्या दुकानदाराशी होणारा नमस्कार, अकस्मात आलेल्या पावसात अनोळखी माणसाने आपल्या छत्रीत दिलेली जागा, या गोष्टी नव्या घरी सोबत नेता येत नाहीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा याच शहराने एका दिवसात होत्याचे नव्हते झालेले पाहिले आणि याच शहराने पूरग्रस्तांसाठी आपल्या घरांची दारे उघडली. ज्या पिढीने तो दिवस पाहिला, ती शहराविषयी कितीही तक्रार करो, शहर सोडावयाचे म्हटले की गप्प होते.

मग एकाच शहरातून त्रास आणि आनंद या दोन्ही गोष्टी येतात कशा? थोडा विचार केला, तर ध्यानात येते की शहरातील पुष्कळसा त्रास दुसऱ्याच्या बेसावधपणातून निर्माण होतो, आणि पुष्कळसा आनंद दुसऱ्याच्या सावधपणातून. या बेसावधपणाला जैन शास्त्रात 'प्रमाद' असे नाव आहे. क्षणमात्रही प्रमाद करू नये, हा भगवान महावीरांनी गौतमस्वामींना केलेला उपदेश प्रत्येक श्रावकाने ऐकलेला असतो. त्या सावधपणाची रीत शास्त्राने पाच समितींच्या रूपाने सांगितली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आणि उत्तराध्ययनसूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात त्यांचे वर्णन आहे. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेप आणि उत्सर्ग अशा या पाच समिती. त्या साधु-साध्वींसाठी सांगितल्या, हे खरे. परंतु चालणे, बोलणे, मिळविणे, उचलणे-ठेवणे आणि टाकणे या पाच क्रिया गृहस्थही दिवसभर करीतच असतो, आणि नगरजीवन म्हणजे जवळजवळ या पाच क्रियाच होत.

पहिली ईर्या समिती, म्हणजे चालण्यातील सावधपणा. साधु-साध्वी सुमारे चार हात पुढची भूमी पाहत चालतात, एखादा जीव पायाखाली येऊ नये म्हणून. त्याच साधु-साध्वींना विहारात वाहनांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून चालावे लागते, ही वस्तुस्थिती आहे. मुंगीसाठी पाऊल थांबविणाऱ्या समाजातील तरुण तांबडा दिवा ओलांडून वाहन पुढे दामटतो, तेव्हा समोरून काठी टेकत येणारा पंचेंद्रिय जीव त्याच्या दृष्टीस का पडू नये? 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला. पुढील वर्षांतही हा उपक्रम झाला. ज्या रस्त्यावर एरवी अंग चोरून चालावे लागते, तेथे लहान मुले मधोमध बागडत होती. पायी चालण्यातही एक सुख असते, हे अनेकांना बऱ्याच वर्षांनी आठवले. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मार्गावर मेट्रो सुरू झाली आणि मंडईला जाण्यासाठी वाहन काढण्याची अनेकांची सबब संपली. सवय सुटण्यास मात्र वेळ लागतो.

दुसरी भाषा समिती. हित, मित आणि सत्य बोलावे, असे शास्त्र सांगते. शहरात माणूस तोंडाने जेवढे बोलतो, त्याहून अधिक भोंग्याने बोलतो, आणि त्या बोलण्यात हितही नसते व मितही नसते. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम 2000 साली झाले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तसेच रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, अशी मर्यादा त्यांनी घातली. ही मर्यादा इतरांच्या मिरवणुकीत मोडली, की श्रावकाला ती तत्काळ आठवते. स्वतःच्या वरघोड्यात मात्र विसरते. ज्या धर्मात मौनाला तप मानले आहे, त्याच्या उत्सवाने रुग्णाची झोप मोडू नये. याउलट गर्दीच्या बसमध्ये "आजोबा, बसा इथे" हे एखाद्या विद्यार्थ्याचे तीन शब्द दिवसभराचा शीण घालवितात. भाषा समितीचे फळ तेथेच मिळते, त्यासाठी परलोकाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी एषणा समिती, म्हणजे आहार व आवश्यक वस्तू मिळविण्यातील निर्दोषता. साधू अनेक घरांतून थोडे थोडे घेतात, कोणावर भार पडू देत नाहीत. गृहस्थाची गोचरी म्हणजे त्याचा व्यवसाय. खोटे तोल आणि खोटे माप यांना अचौर्य व्रताचे अतिचार मानले आहे. मीटरपट्टीवर कापड ताणून मोजणे आणि चार बोटे अधिक सोडून कात्री लावणे, या दोन रीती एकाच बाजारात नांदतात. कोणत्या दुकानात कोणती रीत आहे, हे गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर बरोबर ओळखते.

याच समितीचा आणखी एक पैलू आहे, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मालकाचा डबा त्यापूर्वी घरून येतो आणि त्याचा चौविहार यथासांग पार पडतो. गादीसमोर सकाळपासून उभा असलेला, तागे उलगडून पुन्हा घड्या घालणारा सेल्समन मात्र लग्नसराईत रात्री नऊला दुकान बंद झाल्यावर उपनगरातील घरी जातो आणि दहा-साडेदहाला जेवतो. त्याला चौविहार करावयाचा नसेल. परंतु भूक तर त्यालाही असते. मालकाच्या रात्रिभोजनत्यागाचा पाया नोकराच्या उपाशी पोटावर असेल, तर त्या व्रतात काही उणे राहिले असे म्हणावे लागेल. काही पेढ्यांमध्ये सायंकाळी अर्धा तास आळीपाळीने नोकरांच्या खाण्यासाठी राखून ठेवतात. त्याने विक्री बुडत नाही, आणि घड्या घालणारे हात रात्रीपर्यंत प्रसन्न राहतात.

चौथी आदान-निक्षेप समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पाहून, प्रमार्जन करून ठेवावी. साध्वीजी पात्र ठेवण्यापूर्वी रजोहरणाने भूमी पुंजून घेतात. त्यांना वंदन करून बाहेर पडणारा श्रावक आपले वाहन कोठे लावतो, हे पाहिले तर संकोच वाटतो. शहरातील निम्मी भांडणे वस्तू ठेवण्यावरून होतात. दुकानाच्या पायरीबाहेर साडी नेसवून उभा केलेला पुतळा, पदपथावर मांडलेले गठ्ठे, शेजाऱ्याच्या दारात लावलेली मोटार, खणून अर्धवट बुजविलेला रस्ता, या सर्वांचा दोष एकच. ठेवणाऱ्याने ठेवताना पाहिले नाही.

पाचवी उत्सर्ग समिती, म्हणजे टाकून द्यावयाच्या वस्तूचा निर्जंतुक जागी, कोणास पीडा होणार नाही अशा रीतीने केलेला त्याग. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून कार्यरत झाली आणि तिच्या सभासद भगिनी दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा द्यावा, असे 2016 च्या नियमांनी सांगितले. तत्पूर्वी कित्येक शतके उत्सर्ग समिती हेच सांगत आली आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरातून फुटलेल्या काचेचा पेला कागदात न गुंडाळता पिशवीत टाकला जातो, तेव्हा तो कोणाच्या तरी हातात शिरतो. त्या हाताचे नाव घरातील कोणासही ठाऊक नसते. स्वामीवात्सल्याच्या दुसऱ्या दिवशी मांडवामागे जे दृश्य असते, तेही या प्रसंगी स्मरावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. शहराचे सर्व दुखणे व्यक्तीच्या सावधपणाने बरे होईल, असे नव्हे. रस्ते नीट असणे, बस वेळेवर येणे, पाणी पुरेसे मिळणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे आणि तिचा जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. परंतु जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे वाहन पदपथावर उभे असेल, तर त्याच्या आवाजाला धार राहत नाही.

शहरातील एका धर्मस्थानात घडलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. पर्युषणाचे दिवस होते. ऐंशीच्या घरातील एक आजी रोज काठी टेकत व्याख्यानाला येत. एके दिवशी त्या दिसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सेवेतील एका तरुणाने आस्थेने विचारले, "आजी, काल आला नाहीत? प्रकृती बरी आहे ना?"

आजी म्हणाल्या, "आले होते रे, पायरीपर्यंत. पायरीला लागून गाड्या होत्या. वाट मिळेना, म्हणून घरी जाऊन सामायिक केलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु त्या वाहनांत एक वाहन त्या तरुणाचेच होते. सकाळी उशीर झाल्यामुळे त्याने घाईने ते पायरीला टेकवून लावले होते. आणि घाई कशाची, तर आलेल्या मंडळींना आसने देण्याच्या सेवेची. त्याला दिवसभर चैन पडले नाही. संवत्सरीचे प्रतिक्रमण झाल्यावर तो आजींकडे गेला, सर्व हकिकत सांगितली आणि हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हणाला. आजींनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझं काय, मी ओळखीची. तू मला शोधून काढलंस. ज्यांना ओळखत नाहीस, त्यांचं काय करशील?"

या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणाला तेथे देता आले नाही. पुढील वर्षी पर्युषणापूर्वी त्याने चार मित्रांसह पायरीपुढे पाच फूट अंतरावर पिवळी रेघ मारली आणि आठही दिवस सकाळी तो स्वतः तेथे उभा राहिला.

क्षमापना ओळखीच्या माणसांकडे मागितली जाते. नातेवाईक, व्यापारी, शेजारी यांना पत्रे जात, पुढे दूरध्वनी आणि भ्रमणध्वनीवरील संदेश जाऊ लागले. परंतु शहरात माणसाकडून जे सर्वाधिक दुखावले जातात, ते अनोळखी असतात. पदपथ अडल्यामुळे रस्त्यावर उतरलेली गर्भवती, भोंग्याने दचकलेले बालक, काचेने हात कापलेली कचरावेचक भगिनी, उशिरा जेवलेला नोकर. यांना संदेश पाठविता येत नाही. त्यांच्याजवळ क्षमा मागण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तो दोष पुन्हा न होऊ देणे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मोठे संकल्प अनेक होतील आणि ते व्हावेतच. त्यांसोबत काही लहान नियम घेता येतील. आठवड्यातून एक दिवस भोंगा न वाजविण्याचे पच्चक्खाण, वरघोड्यात अर्धा रस्ता मोकळा ठेवण्याची मर्यादा, प्रत्येक पेढीवर सायंकाळी नोकरांच्या खाण्याची वेळ, आणि प्रत्येक स्वामीवात्सल्यानंतर कचऱ्याचे वर्गीकरण. या नियमांना खर्च नाही, बोली नाही, नावाची पाटीही नाही. कोणा अनोळखी माणसाचा दिवस त्यामुळे थोडा सुखाचा जाईल, आणि त्याला त्याचे कारणही कळणार नाही. शहरातील आनंद बहुधा असाच निनावी येतो.

ज्या ज्ञात-अज्ञात जीवांना या समाजाकडून रस्त्यावर, बाजारात, दारात काही पीडा झाली असेल, त्या सर्वांस मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.