शंखवासी खेकड्यांची नावनिशी



किनारपट्टीवरील शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि विकासकामांशी संबंधित अधिकारी अशा श्रोत्यांसमोर खेकड्यांविषयी बोलावयाचे, आणि तेही खाण्याच्या खेकड्यांविषयी नव्हे, हे थोडे धाडसाचेच आहे. ज्या प्राण्याला बाजारात भाव नाही, ज्याचे कालवण होत नाही, त्याच्या नावगावाची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला तर मी त्याला अप्रस्तुत म्हणणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी माझ्या परीने करणार आहे.

ओहोटीच्या वेळी खडकातील एखाद्या डबक्यापाशी थोडा वेळ स्वस्थ बसले, तर तळाशी निपचित पडलेला एखादा शंख एकाएकी चालू लागलेला दिसतो. शंखाचा मूळ मालक, गोगलगाईच्या जातकुळीतील मृदुकाय प्राणी, केव्हाच मेलेला असतो. रिकाम्या घरात बिऱ्हाड थाटून बसलेला असतो तो आपला शंखवासी खेकडा. त्याच्या शरीराचा पुढचा भाग कठीण कवचाचा असतो. परंतु उदर मऊ, उघडे आणि बहुधा उजवीकडे वळलेले असते, कारण बहुतेक शंखांचा वेढाही तसाच असतो. अंग वाढले की जुने घर अपुरे पडते आणि नवे शोधावे लागते. एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु हा ‘तो’ खेकडा म्हणजे एकच प्राणी, असे जे आपण धरून चालतो, तेथेच चूक होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सूचीत या समूहाच्या अकराशेहून अधिक जाती नोंदविलेल्या आहेत. काही किनाऱ्यावरील झाडीत हिंडतात, काही पाऊण मैल खोल पाण्यात राहतात. निकोबार बेटांवरील प्रचंड नारळखेकडा हाही याच कुळकथेतला. लहानपणी शंखात राहून मोठेपणी त्याने शंख टाकून दिलेला असतो.

त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखावयाचे कसे? आरंभी अभ्यासक नांग्या पाहतो. डायोजेनिडी या कुलात डावी नांगी बहुधा मोठी असते किंवा दोन्ही सारख्या असतात. पॅग्युरिडी कुलात उजवी मोठी. यावरून घराणे कळते, पण व्यक्ती कळत नाही. मग मुखाजवळच्या उपांगांची मुळे परस्परांना भिडलेली आहेत की दूर आहेत, कल्ले किती व कसे आहेत, नेत्रदंड किती लांब आहेत, नांगीवर गुठळ्या आहेत की काटे, आणि पायांवरील केस कोणत्या बाजूला दाट आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. आपल्या किनाऱ्यावर विपुल आढळणाऱ्या डायोजेनिस या वंशात दोन नेत्रदंडांच्या मधोमध एक लहानसा हलणारा काटा असतो. रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव या वंशाला देणाऱ्याला विनोदबुद्धी होती खरी. पण ओळख पटते ती त्या काट्यावरून.

नवी जाती म्हणजे पृथ्वीवर नव्याने जन्मलेली जाती नव्हे. कोळीबांधव जिला पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यातून झटकून टाकीत आले, तीही शास्त्राला ‘नवी’ असू शकते. ती नवी ठरविण्यासाठी त्या वंशातील ज्ञात असलेल्या सर्व जातींशी तिची तुलना करावी लागते. म्हणजे शे-दीडशे वर्षांपूर्वीची लॅटिन, जर्मन, फ्रेंच वर्णने वाचणे आले, आणि शक्य तेथे ज्या प्रत्यक्ष प्राण्यावरून ते वर्णन लिहिले तो प्राणी संग्रहालयातून काढून पाहणे आले. त्यानंतर वर्णन, आकृत्या, जवळच्या जातींशी असलेले भेद आणि नाव, असा लेख प्रसिद्ध होतो. ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचे बांधले जाते त्याला होलोटाइप म्हणतात. तो सार्वजनिक संग्रहात ठेवला जातो. पुढे कोणाला शंका आली, तर छापील शब्दांपेक्षा त्या बाटलीतील खेकड्याची साक्ष वरचढ ठरते. प्राण्यांच्या नामकरणाची ही आंतरराष्ट्रीय संहिता १७५८ हे वर्ष आरंभवर्ष मानते. लिनीयसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची. तिचे बाकीचे नियम आपल्याला कंटाळवाणे वाटतील, म्हणून सोडून देतो.

मात्र एक गोष्ट माझ्या अनुभवाची आहे, ती सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेत मी एका सुट्टीत किनाऱ्यावरून तीन बाटल्या भरून शंखवासी खेकडे आणले. चिठ्ठ्या साध्या शाईने लिहून बाटलीत टाकल्या होत्या. महिन्याभराने पाहतो तो अल्कोहोल निळसर झालेले आणि चिठ्ठ्या कोऱ्या! माझ्या गुरुजींनी एका खेकड्याकडे भिंगातून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हा कुठला?” मला सांगता येईना. तीन गावांच्या किनाऱ्यांपैकी कोणत्या तरी एका ठिकाणचा, एवढेच मी म्हणू शकलो. त्यांनी बाटली शांतपणे बाजूला ठेवली. तो प्राणी कदाचित महत्त्वाचा होता, कदाचित नव्हताही. पण स्थळ आणि दिनांक यांवाचून त्याची साक्ष कोणी घेणार नव्हते. तेव्हापासून मी चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहितो.

आता एक जरा लांबची हकिगत ऐकावी. ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील समुद्रांचे संशोधन केले. त्या सफरीत फिलिपाइन्सजवळ खोल पाण्यातून एक विलक्षण खेकडा वर आला. त्याच्याजवळ शंख नव्हता. त्याऐवजी एक पातळ, पसरट समुद्रपुष्प त्याने अंगावर ओढून घेतलेले होते. पावसात आपला शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो ना, अगदी तसे! समुद्रपुष्प हा प्राणी दंशकोशिका असलेला, तेव्हा ही घोंगडी जिवंतही होती आणि डसणारीही. ती धरून ओढण्यासाठी खेकड्याच्या चौथ्या पायांच्या जोडीला बारीक चिमट्याचा आकार आलेला आहे. हेंडरसन या शास्त्रज्ञाने १८८८ साली त्याचे नाव पॅग्युरॉप्सिस टिपिका असे ठेवले. हेच हेंडरसन मद्रासच्या ख्रिश्चन महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि भारतीय कवचधर प्राण्यांविषयीचा त्यांचा मोठा निबंध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या भारतीय सागरी सर्वेक्षणाच्या जहाजाने आपल्याकडील समुद्रात जाळी टाकली, तेव्हा तशीच घोंगडी पांघरलेला खेकडा मिळाला. त्या जहाजावर सर्जन आणि निसर्गवैज्ञानिक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळलेले आणि त्या सुमारास कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक असलेले डॉ. आल्फ्रेड आल्कॉक यांनी १८९९ मध्ये त्याला अँडरसनी असे जातिनाम दिले. आल्कॉक यांनी १९०५ मध्ये लिहिलेली भारतीय शंखवासी खेकड्यांची सूची आजही अभ्यासकाच्या टेबलावर असते. परंतु या घोंगडीवाल्यांच्या बाबतीत पुढे असे झाले की, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत जेथे जेथे असा खेकडा मिळे, तेथे तेथे बहुधा ‘टिपिका’ हेच नाव चिकटवले जाई. समुद्रपुष्प पांघरलेले दिसले की नाव ठरले! त्यापुढे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. बाटल्या भरत गेल्या आणि निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांच्या फळ्यांवर राहिल्या.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील राफाएल लेमेत्र, इंडोनेशियातील ड्वी लिस्त्यो राहायू आणि जपानमधील तोमोयुकी कोमाई या तिघांनी हा सारा संचय पुन्हा एकदा एकेक पाय, एकेक काटा पाहत तपासला. २०१८ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच जाती शास्त्राला अपरिचित निघाल्या आणि त्यांपैकी दोन ठेवण्यासाठी पॅग्युरॉप्सिना हा नवा वंश निर्माण करावा लागला. आल्कॉक यांची अँडरसनी स्वतंत्र जाती म्हणून मांडली गेली. म्हणजे जेथे एक नाव चालत होते तेथे सात उभी राहिली. नव्यांपैकी एकीचे नाव ‘कन्फ्युजा’, म्हणजे घोटाळ्यात सापडलेली, असे आहे. दुसरीचे ‘इनर्मिस’, म्हणजे निःशस्त्र. इतके दिवस जो ‘सर्वत्र आढळणारा’ खेकडा म्हणून निर्धास्तपणे सोडून दिला होता, तो वस्तुतः निरनिराळ्या प्रदेशांत, निरनिराळ्या मर्यादांत राहणाऱ्या कित्येक जातींचा मेळावा होता. सर्वत्र असणाऱ्याची काळजी कोणी करीत नाही. एखाद्या मर्यादित पट्ट्यातच असणाऱ्याची करावी लागते. म्हणून नावाचा प्रश्न हा केवळ पंडितांचा प्रश्न राहत नाही.

दक्षिण आफ्रिकेत हाच अनुभव अधिक व्यवहारी क्षेत्रात आला. तेथे तळाकडच्या माशांच्या साठ्याचा अंदाज घेण्यासाठी संशोधन-जहाजे जाळी ओढतात. त्या जाळ्यांत शंखवासी खेकडेही येतात आणि त्यांचीही मोजदाद होते. मोजणारा ज्यांना सहज एकासारखे एक समजेल अशा तीन सामान्य जातींतील भेद लँडशॉफ आणि लेमेत्र यांनी २०१७ मध्ये स्पष्ट केले. तिघांपैकी एक, हिरव्या चमकदार डोळ्यांची, शास्त्राला नवीनच होती. ओळख चुकली की तक्त्यातील आकडाही चुकतो, आणि अशा आकड्याला कितीही दशांश स्थळे जोडली तरी तो सुधारत नाही. हिरवे डोळे, केशरी पाय ही लक्षणे प्राणी ताजा असतानाच टिपावी लागतात. अल्कोहोलमध्ये रंग उडून जातात. आपल्या खडकाळ किनाऱ्यावरील क्लिबॅनेरियस वंशाच्या जाती ओळखतानाही पायांवरील पट्ट्यांचे रंग फार उपयोगी पडतात. बाटलीत गेल्यावर सगळेच फिकट पिवळे होतात.

त्याच वर्षी जपानमधून आणखी एक चमत्कारिक जाती प्रसिद्ध झाली. अमामी बेटांजवळ साठ ते ऐंशी मीटर खोलीवर काही लहान प्रवाळ असे आहेत की ते मऊ तळावर इकडून तिकडे सरकतात. त्यांना ओढून नेणारा एक किडा त्यांच्या पोकळीत राहतो, हे पूर्वीपासून माहीत होते. इगावा आणि कातो यांना काही प्रवाळांत किड्याच्या जागी एक सडपातळ शंखवासी खेकडा मिळाला. प्रवाळ त्याच्याबरोबर वाढत जातो, त्यामुळे या खेकड्याला घर बदलण्याची यातायात पडत नाही. हाही डायोजेनिसच, आपल्या किनाऱ्यावरील भाऊबंदांचाच सगोत्र.

आपल्या देशातही हे काम थांबलेले नाही. केरळच्या किनाऱ्यावरील नमुन्यांवरून २०१३ मध्ये कोमाई यांनी तेथील अभ्यासकांसह डायोजेनिस कॅनॅलिक्युलॅटस या नव्या जातीचे वर्णन केले. मुंबईच्या खऱ्या खेकड्यांविषयी, म्हणजे चिंबोऱ्या-कुर्ल्यांच्या समूहाविषयी, डॉ. छापगर यांनी १९५७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जे लिहिले, त्याचा आधार अजून घ्यावा लागतो. अशी माणसे थोडी असतात. एका वंशाचा अभ्यास करण्यात उमेदीची दहा वर्षे सहज जातात, आणि हल्लीच्या दिवसांत तरुणांना तेवढी सवड कोण देतो? जनुकीय तपासणीने आता मोठी मदत होते, यात शंका नाही. परंतु तिने वेगळे ठरविलेल्या प्राण्यालाही जुन्या नावांशी ताडून पाहावेच लागते, आणि ते जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असले तर त्यांच्याकडून जनुकीय उत्तर मिळणे कठीण जाते.

आता आपल्या सर्वांच्या कामाकडे वळतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको. किनाऱ्यावरील एखाद्या गावाच्या नोंदवहीत “खेकडे – अनेक प्रकारचे” अशी एकच ओळ असली, तर उद्या धक्का बांधताना, वाळू उपसताना किंवा तेलाचा तवंग आल्यावर काय होते आणि काय गेले, हे कोणत्या आधाराने सांगणार? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लोकांनी काढलेल्या छायाचित्रांवरून, शंखाऐवजी कृत्रिम वस्तूंत, बहुतांशी प्लास्टिकच्या टोपणांत, राहणारे ३८६ शंखवासी खेकडे मोजण्यात आले. जमिनीवर राहणाऱ्या सोळा जातींपैकी दहा जातींत ही गोष्ट आढळली, असे ते अभ्यासक म्हणू शकले. कारण त्या सोळा जातींना कोणीतरी पूर्वीच नावनिशी दिलेली होती. याच अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये असेही आहे की, नवी जाती आढळल्यास ती नियुक्त संस्थेला कळवून नमुना तेथे जमा करावा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था अशा संस्थांपैकी एक आहे. तिचे मुख्यालय कोलकात्यास आहे आणि पुण्यास तिचे विभागीय केंद्र आहे.

शिक्षकांनी मुलांकडून नमुने गोळा करवून बाटल्या भरवाव्यात, असे मी मुळीच सुचवीत नाही. ओहोटीला वर्ग नेला, तर एका वहीत दिनांक, वेळ, गावाचे व खडकाचे स्थानिक नाव, तळ खडकाचा की वाळूचा, कोणती नांगी मोठी, पायांवरचे पट्टे कसे आणि डोळ्यांचा रंग कोणता, एवढे लिहून घ्यावे. स्वच्छ उजेडात वरून आणि पुढून अशी दोन छायाचित्रे काढावीत. स्थानिक नाव कोळणींना विचारून जसे त्या उच्चारतील तसेच लिहावे. ते सुधारू नये. काही वेगळे वाटले तर ती नोंद पुण्याच्या केंद्राकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवावी. खेकडा मात्र जेथून उचलला त्याच डबक्यात शंखासकट परत ठेवावा, आणि रिकामे शंखही तेथेच राहू द्यावेत. ते कोणाचे तरी पुढचे घर असते. आणि वही शिसपेन्सिलीने लिहावी.