वाचनाची वेळ आणि वाचनाची जागा



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्यातील ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा, या दोहोंच्या आधारे ही प्रथा पुढे गावोगाव रुजली. वाचनाचेही तसेच आहे. लोक वाचत नाहीत अशी ओरड होते आणि दोष मोबाईलवर टाकला जातो. मला तो पुरता पटत नाही.

माझेच पाहा. पुस्तक उशाशी असले की रोज दहा पाने होतात; तेच कपाटात ठेवले की आठवडा कोरडा जातो. यात निग्रहाचा भाग थोडा, जवळपणाचा अधिक. चातुर्मासात हरिविजय, पांडवप्रताप वाचले जात, तेही दिवेलागणीनंतरची वेळ आणि देवळाची ओसरी ठरलेली होती म्हणून.

आपल्या धाराशिवात वाचनाला आणखी एक अर्थ होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अशा काळात मराठी वाचनालय ही केवळ करमणुकीची जागा नव्हती. ते स्वभाषेचे ठाणे होते.

आज शहर वाढले आहे. २०११ च्या जनगणनेतच वस्ती लाखाच्या वर गेली. घरे सोलापूर-धुळे रस्त्याकडे सरकली. बाजाराला निघालेला माणूस पूर्वी जाता जाता वाचनालयात डोकावत असे. आता त्यासाठी गाडी काढावी लागते, आणि पाव तासाच्या वाचनासाठी गाडी कोण काढतो? घरातील स्त्रीची अडचण तर त्याहून मोठी. तिला दुपारी सवड मिळते, तेव्हा कित्येक वाचनालयांना कुलूप असते. ती स्वयंपाकाला लागली की दार उघडते!

१९६७ च्या कायद्याने मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते, हे खरे. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये लोकांनी संस्था काढून उभी केली आहेत. अनुदान मागाहून येते; पहिली खोली लोकांनीच द्यावी लागते.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. प्रत्येक नव्या वसाहतीत देवळाची जागा आपण आधी ठरवतो. तिच्या शेजारी एक खोली असावी, तीत चार वर्तमानपत्रे आणि शंभर पुस्तके असावीत, आणि ती दुपारी उघडी राहावी. नळ दारात आला की पाणी भरा म्हणून कोणाला उपदेश करावा लागत नाही. पुस्तकही तितके जवळ आणा, मग वाचकाला बोल लावा.